झाकलेले भांडे, विझवलेला दिवा

रात्र पडू लागली की मुलांना घरात घ्या, अल्लाहचे नाव घेऊन दारे लावा, भांडी झाका, दिवे विझवा, असा आदेश प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस सहीह बुखारीत आहे. झाकण नसेल तर निदान भांड्यावर काहीतरी आडवे ठेवा, इतका बारकावा तिच्यात आहे.

वाचकहो, अल्लाहचे नाव आणि हाताची कृती येथे एकत्रच सांगितली आहे. आपण मात्र 'बिस्मिल्लाह' म्हणतो आणि मोरीतले पिंप उघडेच ठेवतो. जेथे नळाला दिवसाआड पाणी येते तेथे पिंपे, बादल्या भरून ठेवणे भागच असते. रांगत्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड. बादलीत वाकले की तोल जातो आणि वीतभर पाणीही जीव घेते. डेंग्यूचा डासही अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासावे. (हे काम पुरुषांनीही करावे, प्रेषित (स.) घरकामात हातभार लावीत, असे हजरत आयेशा (रजि.) सांगतात.)

दिव्याचेही तसेच. उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटते, हे कारण हदीसमध्येच आले आहे. आज वातीच्या जागी पांघरुणाजवळ जळणारी डासांची कॉइल आहे.

मूल दगावले की 'तकदीर' म्हटले जाते. तकदीरवर ईमान हवेच. परंतु भांडे झाकण्याचा हुकूम तकदीर मानणाऱ्यांनाच दिला गेला होता. आज मगरिबनंतर मोरीत जाऊन पाहा. पिंपाला झाकण नसेल तर फळी टाका आणि वर जड दगड ठेवा.