दांडा ओढून ठेवला होता

बैलगाडीचं वंगण ठेवायला आमच्याकडे बांबूचं एक नळकांडं होतं. एरंडेलात जळक्या चिंध्यांची काजळी कालवून आजोबा ते वंगण करायचे. नळकांडं गाडीखाली उभं टांगलेलं असायचं. लांबच्या वाटेला निघायच्या आधी चाक सैल करायचं, काडीनं आखाला वंगण फासायचं आणि काडी पुन्हा नळकांड्यात खोचायची. ते कधी सांडल्याचं मला आठवत नाही. सांडायला त्याला मागून ढकलणारं कोण होतं?

१९८४ साली ट्रॅक्टर आला आणि त्याच्याबरोबर ग्रीसगन आली. हातभर लांबीची लोखंडी नळी, एका बाजूला दाबायचा खटका, पुढं निपलवर बसणारं तोंड आणि मागं इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असलेला दांडा. आम्हा पोरांना ते बंदुकीसारखं वाटायचं, पण हात लावायची परवानगी एकट्या तात्याला होती. तात्या म्हणजे आमचा ड्रायव्हर. पाडव्याला साल ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत ट्रॅक्टर, ट्रॉली, मळणीयंत्र सगळं त्याच्या अंगावर. निपलला गन लावण्याआधी तो ते फडक्यानं स्वच्छ पुसायचा. "वरची माती आत गेली तर ग्रीस घालून उपेग काय?" असं म्हणायचा. दोन-तीन खटके मारून बाजूनं ताजं ग्रीस डोकावलं की थांबायचा. काम झालं की गनचं तोंड पुसायचा, मागचा दांडा ओढून खाचेत अडकवायचा आणि गन पत्र्याच्या खोलीत खुंटीला लावायचा. हे मी शंभरदा पाहिलं असेल. पण दांडा ओढण्याचा अर्थ मला कळत नव्हता. तात्याची सवय असेल, जसं कुणी पाणी पिऊन तांब्या पालथा घालतो, एवढंच वाटायचं.

१९८७ च्या मे महिन्यात तात्या भाचीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेला. परत आला त्याच सकाळी आईनं पत्र्याच्या खोलीत बियाण्याचं बाचकं पाहिलं. मालदांडीची निवडक कणसं वेगळी काढून, हातानं बडवून, लिंबाचा पाला घालून ठेवलेली पन्नासेक किलो ज्वारी. एकरी चार किलो धरलं तर आमच्या बारा एकरांची पेरणी त्यात होती. बाचकं वरून काळपट-पिवळ्या तेलानं भिजलं होतं. वर खुंटीला गन, तिच्या तोंडाला लोंबणारा थेंब, आणि भिंतीवर खालपर्यंत ओघळ. दाणे एकमेकांना चिकटलेले आणि त्यांना मशिनचा वास. तसं बियाणं मातीत टाकायची आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, छाती झाली नाही.

अंगणात चार माणसं बसली होती. आबांनी गन तात्याच्या पुढ्यात टाकली.

"टांगली कुणी?"

"मीच."

"मग?"

"दांडा वढून ठिवला व्हता, आबा."

"दांड्याचं काय सांगतोस? तेल कुठनं आलं ते सांग."

तात्यानं गन उचलली, उलटी करून पाहिली आणि खाली ठेवली. पुढं तो बोलला नाही. बियाण्याचे दोनशे रुपये त्याच्या पगारातून दोन महिन्यांत कापले गेले. पुढच्या पाडव्याला त्यानं साल मोडलं आणि दुसऱ्या गावी ट्रॅक्टरवर गेला. आमच्या घरात मात्र एक म्हण तयार झाली. कुणी सबब सांगायला लागलं की आबा म्हणायचे, "हा बघा, दांडा वढून ठिवणारा." आम्ही हसायचो. मीही हसायचो.

त्यानंतर तीसेक वर्षं गेली. शेती माझ्याकडे आली. एकदा रोटाव्हेटरचं काम घेऊन बार्शीला गॅरेजमध्ये गेलो. बरोबरच्या पिशवीत ग्रीसगन होती आणि पिशवी खालून तेलानं ओलीचिंब झाली होती. मिस्त्री पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, दांडा वढून ठिवत न्हाई व्हय?"

मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्याला वाटलं, मला कमी ऐकू येतं.

मग त्यानं गन उघडून दाखवली. नळीच्या आत एक स्प्रिंग असते. ती मागून एका चकतीला रेटते आणि चकती ग्रीसला पुढं ढकलते. ग्रीस म्हणजे साबणासारख्या एका पदार्थात मुरवलेलं तेलच. आपण काम थांबवलं तरी स्प्रिंग थांबत नाही. दिवस-रात्र ती रेटत राहते. त्यात पत्र्याखालचं ऊन असलं की ग्रीसमधलं तेल सुटतं आणि तोंडातून, नाहीतर मागच्या झाकणातून, वाट काढतं. दांडा ओढून खाचेत अडकवला की चकतीवरचा रेटा जातो. एवढंच. तोंड खाली करून टांगलेली, दांडा आत असलेली गन मे महिन्यात आठ दिवस ठेवली तर काय होईल, हे मी त्याला विचारलं नाही.

(माणसाच्या मनाचंही असंच असतं, आतली स्प्रिंग वगैरे, असं लिहायचा मोह इथं होतो. तात्या त्यावर हसला असता. गन ही गन असते.)

गॅरेजातून परतताना बसमध्ये मला ते दुसरं आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, ते तिथंच होतं, मी त्याच्याकडे बघितलं. तात्या लग्नाला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कडबाकुट्टी कुईकुई करायला लागली होती. आबांनी स्वतः खुंटीवरची गन काढली, दांडा आत सोडला, बेरिंगला ग्रीस घातलं आणि गन परत खुंटीला लावली. मी पेंढ्या सरकवत शेजारीच उभा होतो. पंधरा वर्षांचा होतो, म्हणजे अगदीच लहान नव्हतो.

तात्याचा ठावठिकाणा काढायला वेळ लागला नाही. तो थोरल्या मुलाकडे, मोहोळच्या बाजूला राहतो. जाताना पैसे न्यावेत का, याचा मी आठवडाभर विचार केला. त्या वेळच्या दोनशे रुपयांचे आज किती? व्याज धरायचं का? साल मोडलं त्याचे किती? हिशेब कुठंही पोचेना, तेव्हा मालदांडीचं पन्नास किलोचं पोतं गाडीत टाकलं.

तात्या पडवीत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो मधे बोलला नाही. शेवटी म्हणाला, "ठावं व्हतं की मला."

"काय?"

"गन हातात घेतली तवा दांडा आत व्हता. आन् कुट्टीच्या बेरिंगला ताजं ग्रीस. दुसरं कोण घालणार? तुला तर हात लावू देत नव्हते."

"मग बोलला का नाहीस?"

"चार माणसांत मालकाला खोटं पाडून साल काढता येतं व्हय?" जरा थांबून तो म्हणाला, "आन् त्यांनी तरी मुद्दाम केलं का? त्यास्नी दांडा म्हंजी काय ते ठावंच नव्हतं."

मग त्यानं पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर ज्वारी घेतली आणि वास घेतला. नीट, दोनदा. "ठीव," म्हणाला. मुलाला हाक मारून पोतं आत न्यायला लावलं. नको-बिको काही म्हणाला नाही, याचं मला बरं वाटलं. निघताना मात्र म्हणाला, "आबास्नी सांगू नगंस. आता काय करायचंय?"

तेव्हापासून मी या एका गोष्टीपाशी अडकलो आहे. अजाणता झालेल्या चुकीचा दोष माणसाला लागतो का? आबांनी जाणून काही केलं नाही, हे खरंच. पण तात्यानं त्यांना उत्तर दिलं होतं, चार शब्दांत, स्पष्ट. "दांडा म्हणजे काय?" एवढं विचारलं असतं तर तात्यानं तिथंच गन उघडून दाखवली असती. माहीत नसणं हा गुन्हा नव्हे. पण समोरच्याचा पगार कापताना त्याचं वाक्य समजून न घेणं, त्याला काय म्हणायचं? आणि अजाणपणाची जी सवलत तात्यानं आबांना दिली, ती आबांनी तात्याला दिली नव्हती. धान्याच्या बाचक्यावर खुंटी ठोकली होती ती तात्यानं नव्हे, घरच्यांनी. पण तेल जसं खाली खाली जातं, तसा त्या दिवशी दोषही सगळ्यांत खाली उभ्या असलेल्या माणसापाशी जाऊन थांबला.

यात मी स्वतःला बाहेर ठेवू शकत नाही. वाक्य मी ऐकलं होतं, कुट्टीपाशी मी होतो. दोन्ही गोष्टी माझ्याकडे तीस वर्षं होत्या आणि मी त्या एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत. मला दांड्याचं माहीत नव्हतं, ही माझी सबब. ती खरी आहे. पण बापाच्या म्हणीवर हसणं सोपं होतं, हेही खरं आहे.

आबांना सांगावं का? ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सांगितलं तर माझं ओझं उतरेल आणि त्यांच्यावर चढेल. नाही सांगितलं तर तात्या हलगर्जी होता हे मनात ठेवूनच ते जातील, आणि तात्याच्या नावावरचा डाग आमच्या घरात तसाच राहील. ज्याचं नाव तोच नको म्हणतो आहे, हे मला पुरेसं वाटत नाही. तो तेव्हाही गप्पच राहिला होता, आणि त्या गप्प बसण्याचा फायदा आम्हीच घेतला.

गेल्या उन्हाळ्यात मी ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, खालून टोपण बसवलं, तळाला जुनं फडकं कोंबलं आणि भिंतीला उभा ठोकला. काम झालं की गनचं तोंड पुसायचं, दांडा ओढून अडकवायचा आणि गन त्या नळीत उभी सोडायची. चुकून थेंब सुटलाच तर फडक्यात. खाली धान्य ठेवत नाही.

आबा काठी टेकत आले आणि बघत उभे राहिले. "ही नळी कशाला?"

मी सांगितलं. तात्याचं नाव घेतलं नाही, कुट्टीचं नाव घेतलं नाही. स्प्रिंग सांगितली, चकती सांगितली, ऊन सांगितलं, आणि दांडा ओढून दाखवला. त्यांनी गन माझ्या हातातून घेतली. दांडा आत सोडला, पुन्हा ओढला, खाचेत अडकवला. हात थरथरत होते म्हणून दोनदा करावं लागलं. बराच वेळ गन मांडीवर घेऊन बाजेवर बसून राहिले.

"तात्या हल्ली कुठं असतो?" त्यांनी विचारलं.

मोहोळकडे, थोरल्या पोराकडे, मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि गन नळीत ठेवायला माझ्याकडे दिली.