आत्मसन्मान आणि अमानित्व
हैदराबादेत कोठीलगतच्या जांबागेतील विवेकवर्धिनी या १९०७ साली केशवराव कोरटकर प्रभृतींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेने उर्दूचे प्राबल्य असलेल्या निजामी राजवटीत मराठी मुलांना स्वभाषेचा आधार दिला. स्वभाषेच्या अशा आधारातून आत्मसन्मान जागतो. मात्र विद्यार्थ्याला हा आत्मसन्मान, म्हणजे स्वतःच्या माणूसपणाची रास्त कदर, शिकवताना गीतेच्या तेराव्या अध्यायातील अमानित्वाशी, म्हणजे मानाची हाव नसण्याशी, विरोध येतो काय, हा प्रश्न उरतो. तो विरोध वरवरचा आहे. कारण फळ्यावरचे गणित चुकल्यावर ‘उत्तर चुकले’ म्हणणारा मुलगा चूक मान्य करूनही ताठ उभा राहतो, तर ‘मी नालायक’ म्हणणारा कौतुकासाठी भुकेला राहतो. म्हणून शाळेने मुलांना आधी ‘उत्तर चुकले’ हे शब्द द्यावेत, शाबासकी नंतर.