बावीस मेचा आनंद

एडन हे नाव मराठी माणसाला परके नाही. वासुदेव बळवंत फडके १८८३ साली तिथल्या तुरुंगातच वारले. इंग्रजांनी १८३९ मध्ये हे बंदर घेतले, तेव्हापासून १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. कोकणातल्या आमच्या वस्त्यांमध्ये बोटीवर गेलेल्या माणसांच्या गप्पांत एडन हमखास यायचे.

त्याच एडनमध्ये २२ मे १९९० रोजी एक नवा झेंडा चढला आणि उत्तर येमेन व दक्षिण येमेन या दोन राज्यांचे एक राज्य झाले. उत्तरेत इमामाची गादी १९६२ मध्ये उलथून आलेले प्रजासत्ताक होते. दक्षिणेत इंग्रज १९६७ मध्ये गेल्यावर मार्क्सवाद्यांनी राज्य केले. १९७२ आणि १९७९ अशी दोनदा ही राज्ये आपसांत लढली आणि गंमत अशी की दोन्ही वेळा लढाई मिटवताना त्यांनी एकीकरणाच्याच करारावर सह्या केल्या! भाषा एक, धर्म एक, सोयरीक सीमेच्या दोन्ही अंगांना. नव्वद साली रस्त्यावर उतरलेल्या लोकांचा आनंद भाड्याने आणलेला नव्हता. २२ मे हा राष्ट्रीय सण ठरला. एक झालेल्या देशाचे राष्ट्रगीतही दक्षिणेचेच घेतले गेले.

पुढे हा सण फिका पडत गेला. तो का, याची राजकीय उत्तरे पुष्कळ आहेत. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. एकी पुढे मोडली, तर ती होताना झालेला आनंद खोटा ठरतो का? आणि तो खरा असेल, तर ज्याचे पुढे नुकसान झाले त्यानेही तो दरसाल साजरा केलाच पाहिजे का?

आपल्याला निकाहाचा दाखला जवळचा आहे. ईजाब आणि कबूल, दोन्ही असल्याशिवाय निकाह होत नाही. येमेनमध्ये सह्या केल्या त्या दोन पुढाऱ्यांनी, उत्तरेचे अली अब्दुल्ला सालेह आणि दक्षिणेचे अली सालिम अल-बीध यांनी. लोकांना राज्यघटनेवर मत विचारले ते मे १९९१ मध्ये, म्हणजे वऱ्हाड घरी गेल्यावर वर्षभराने. उत्तरेची लोकसंख्या दक्षिणेच्या कितीतरी पट. आणि दोन्ही सैन्ये खऱ्या अर्थाने कधी एक झालीच नाहीत. संसार एक, पण उशाला दोघांच्याही बंदुका. १९९३ च्या निवडणुकीनंतर बेबनाव वाढला. अल-बीध एडनला निघून गेले, ते राजधानी सनाला परतले नाहीत. मे १९९४ मध्ये युद्ध पेटले. २१ मे रोजी, एकीच्या चौथ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांनी दक्षिण वेगळी झाल्याचे जाहीर केले. ७ जुलैला उत्तरेच्या फौजांनी एडन घेतले.

माझ्या मते २२ मे हा सण तिथेच संपला. तो पुढे थाटात साजरा होत राहिला हे खरे. संचलने झाली, भाषणे झाली. पण बायकोला मारहाण करून घरात ठेवणाऱ्या नवऱ्याने लग्नाचा वाढदिवस करावा, तसे ते होते. दक्षिणेतले हजारो लष्करी अधिकारी आणि नोकरदार सक्तीने घरी बसवले गेले. त्या निवृत्तांनीच २००७ मध्ये निदर्शने सुरू केली. ती आधी पेन्शन आणि नोकरीसाठी होती, स्वतंत्र राज्याची मागणी नंतर आली. अशा माणसाने २२ मेला घराबाहेर पडायला नकार दिला, तर तो देशद्रोही कसा? सणाच्या दिवशी कोण आले आणि कोण नाही, याची मोजदाद कुणाच्या बाबतीत होते, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

याची दुसरी बाजू मी टाळत नाही. एकीचा दिवस सोडून दिला, की तोडणाऱ्याला रान मोकळे मिळते, असे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये एडनमधून उत्तरेकडच्या गरीब मजुरांना, दुकानदारांना गाड्यांत कोंबून हाकलले गेले. त्यांनी कुणाची पेन्शन बुडवली होती? ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या हातूनही अन्याय होतो. त्याची तक्रार खरी असली म्हणून हे माफ होत नाही.

धर्म एक असला की एकी आपोआप टिकते, असे आपल्याकडच्या वाझमध्ये अजून ऐकू येते. ढाक्याने १९७१ मध्ये दिलेले उत्तर आपण ऐकले नाही, एडनचे तरी ऐकावे.

उत्तरेतही तो सण राहिला नाही. २१ मे २०१२ रोजी सनाच्या सबीन चौकात उद्याच्या संचलनाची रंगीत तालीम चालू असताना एका आत्मघातकी हल्लेखोराने स्फोट केला. नव्वदहून अधिक सैनिक ठार झाले. दुसऱ्या दिवशीचा सोहळा दुसरीकडे, आटोपशीर उरकला. हूथींनी २१ सप्टेंबर २०१४ रोजी सना घेतले आणि पुढे त्या तारखेचाच थाट सुरू झाला. २२ मे कॅलेंडरवर राहिला. एक झेंडा चढवणारे सालेह २०१७ मध्ये त्याच हूथींच्या हातून मारले गेले.

मग नव्वद सालचा आनंद खोटा होता का? मला तसे म्हणवत नाही. सीमेपलीकडच्या बहिणीला पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला, तुझे ते रडणे फसवे होते, असे सांगायचा हक्क कुणाला आहे? तो आनंद ज्याचा त्याचा होता. त्याने तो आठवावा, नातवंडांना सांगावा. सरकारने तो उचलून दुसऱ्याकडून वसूल करायला घेतला, तिथे चूक झाली.

येमेनमध्येच आणखी एक तारीख आहे. १३ जानेवारी १९८६ रोजी एडनमध्ये सत्ताधारी पक्षाचेच दोन गट एकमेकांवर तुटून पडले आणि काही दिवसांत हजारो माणसे मेली. वीस वर्षांनी, २००६ च्या त्याच तारखेला, त्या दोन्ही बाजूंची माणसे एडनमधल्या एका धर्मादाय संस्थेत एकत्र बसली आणि हा दिवस यापुढे माफीचा व समेटाचा म्हणून पाळायचा, असे त्यांनी ठरवले. कुणी फर्मान काढले नव्हते. पुढे वेगळे होण्याच्या चळवळीने हाही दिवस आपल्या मेळाव्यांसाठी वापरला, हे सांगितलेच पाहिजे. पण त्या पहिल्या बैठकीत फक्त एकमेकांचे मारेकरी एका छताखाली बसले होते. एकीचा सण दरसाल थाटात करणाऱ्या सरकारने त्या संस्थेवर कारवाई केली.