तूरडाळ कोणाच्या घरी, आणि कोणाच्या नाही?

भुकेल्या माणसाला अन्न देण्याआधी आपण कधी पुरावा मागतो का? पंगतीत बसलेल्या कोणालाही आपण असे विचारत नाही की, बाबा रे, हे जेवण तुझ्या उपयोगी पडेल याला प्रमाण काय? तसे विचारणेदेखील आपल्याला पाप वाटेल. आणि तरीही आपल्याच देशात, अगदी अलीकडे, काही सहृदय डॉक्टरांनी जवळजवळ हेच केले. क्षयरोग्यांच्या सुमारे अर्ध्या घरांत त्यांनी घरातील सर्वांसाठी धान्य दिले, उरलेल्या घरांत फक्त रुग्णापुरतेच दिले, आणि पुढे त्या घरांतील कोण आजारी पडतो याची काळजीपूर्वक नोंद ठेवली.

हे वाचून राग येतो. मला तरी आला होता. तो राग कितपत योग्य आहे, याचा विचार आपण शांत मनाने करून पाहूया.

हे संशोधन झारखंडमधील चार जिल्ह्यांत ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षे चालले. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या साथीने ते केले. ‘रेशन्स’ हे त्याचे नाव. त्यात फुप्फुसाचा क्षयरोग झालेले २,८०० रुग्ण होते आणि त्यांच्या घरात राहणारी १०,३४५ माणसे होती. त्यांतील बहुसंख्य लोक संथाळ, हो, मुंडा, उरांव अशा आदिवासी समाजांचे. रुग्णांपैकी दहांत आठ जण कुपोषित होते, आणि घरच्यांपैकी साधारण एक तृतीयांश.

रुग्ण सगळेच धान्याचे हक्कदार होते. तांदूळ, सत्तू, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या प्रत्येक रुग्णाला सहा महिने मिळाल्या. फरक होता तो घरच्यांच्या बाबतीत. क्षयरोग कार्यक्रमाची २८ स्थानिक पथके होती, त्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटातील घरांत प्रत्येक मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ गेली. दुसऱ्या गटातील घरच्यांचा आहार जसा होता तसाच राहिला. एकाच वस्तीत शेजारच्या दोन घरांत असा भेद केला असता तर डाळीची वाटी कुंपणावरून पलीकडे गेली असती, आणि जाणारच. म्हणून घरे न वाटता संपूर्ण पथकेच वाटली गेली.

या दुसऱ्या गटाला संशोधनाच्या भाषेत ‘कंट्रोल ग्रुप’ म्हणतात. मराठीत त्याला ‘नियंत्रण गट’ असे लिहिण्याची पद्धत आहे. भाषांतर करताना मी या शब्दापाशी बराच वेळ अडलो. त्या लोकांवर कोणाचे नियंत्रण होते? त्यांना तर काहीच केले गेले नव्हते. ते जसे होते तसे राहिले, आणि त्यांच्या तसे राहण्यामुळेच आपल्याला काहीतरी कळले. शेवटी मी ‘तुलनेचा गट’ असे लिहिले. हाही शब्द मला पुरेसा वाटत नाही, पण त्यात निदान खोटेपणा नाही.

आता निष्कर्ष पाहूया. तुलनेच्या गटातील ४,७२४ माणसांपैकी १२२ जणांना पुढे क्षयरोग झाला. धान्य मिळालेल्या ५,६२१ माणसांपैकी ९६ जणांना झाला. इतर सर्व फरकांचा हिशेब लावल्यावर संशोधकांनी सांगितले की धान्यामुळे क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि थुंकीच्या तपासणीत जंतू सापडतात अशा फुप्फुसाच्या क्षयरोगाचे ४८ टक्क्यांनी. कोणतीही नवी लस नाही, नवे औषध नाही. तांदूळ आणि तूरडाळ. रुग्णांच्या बाबतीतही एक गोष्ट दिसली: पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ऑगस्ट २०२३ मध्ये हे सर्व ‘लॅन्सेट’ आणि त्याच्या भगिनी-पत्रिकेत प्रसिद्ध झाले.

रागाचे म्हणणे असे आहे: हे तर आपल्या आजीलाही ठाऊक होते. क्षयाच्या माणसाला दूध द्यावे, घरात सर्वांनी पोटभर जेवावे, हे सांगायला लॅन्सेट कशाला हवे? जे आधीच ठाऊक आहे ते सिद्ध करण्यासाठी साडेचार हजारांहून अधिक माणसांना डाळीवाचून ठेवणे याला विज्ञान म्हणायचे की निष्ठुरता?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी मद्रासला पोहोचलो. १९५६ मध्ये तिथे क्षयरोगाच्या औषधोपचाराचे एक केंद्र सुरू झाले. त्या काळी जगभर अशी पक्की समजूत होती की क्षय बरा व्हायचा तर रुग्णाला सॅनिटोरियममध्ये ठेवले पाहिजे: मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार. आजीला जे ठाऊक होते तेच मोठमोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक होते. केंद्राने १९३ गरीब रुग्ण घेतले. काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच औषधे दिली. घरच्यांचे जेवण सॅनिटोरियमच्या तुलनेत फारच निकृष्ट होते. वर्षाअखेर घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झालेले आढळले. १९५९ मध्ये हे जाहीर झाले आणि जगाचे उपचार बदलले. सॅनिटोरियमची खाट मिळण्याची वाट पाहत मरण्याची गरज उरली नाही. आपण त्या वेळी ‘हे तर सर्वांना ठाऊकच आहे’ असे म्हणून थांबलो असतो, तर असंख्य गरीब माणसे आजही त्या रांगेत उभी असती.

म्हणजे आजीचे ज्ञान चुकीचे होते का? तसे नाही, पण ते पूर्णही नव्हते. आणि गंमत अशी की मद्रासच्या ज्ञानाचेही पुढे तेच झाले. त्या अभ्यासाने एकाच प्रश्नाचे उत्तर दिले होते: औषध चालू असताना, चांगला आहार नसूनही रोगी बरा होऊ शकतो का? होय, होऊ शकतो. त्यातून पुढे हळूहळू असा अर्थ रूढ झाला की क्षयरोगात आहाराला फारसे महत्त्व नाही. मुळात आजारी कोण पडतो, आणि आजारी पडल्यावर कोण दगावतो, हे प्रश्न तर मद्रासने विचारलेच नव्हते. एका खऱ्या उत्तराला त्याच्या प्रश्नाबाहेर ओढून नेले की ते असत्य बनते. आपल्या साधनेतही हे किती वेळा घडते, याचा अनुभव प्रत्येकाने स्वतःशीच तपासावा.

भार्गव दांपत्याला उपासमार दिसत नव्हती असे मुळीच नाही. त्याआधी छत्तीसगडमधील ग्रामीण रुग्णांचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार सुरू होताना पुरुष रुग्णांचे मध्यक वजन सुमारे ४२ किलो होते आणि स्त्रियांचे ३४ किलो. चौतीस किलो म्हणजे शाळेत जाणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे वजन. ज्यांनी हे वजनकाट्यावर रोज पाहिले, त्यांना अन्नाचे महत्त्व पटवून द्यायला चाचणीची गरज नव्हती. गरज होती ती ज्यांच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या आहेत त्यांना पटवण्याची.

इथे मात्र माझा राग पुन्हा डोके वर काढतो, आणि या वेळी तो डॉक्टरांवर नाही. १९४७ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाची चाचणी झाली. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध मिळाले, ५२ जणांना फक्त अंथरुणात विश्रांती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्यांपैकी ४ जण दगावले, न मिळालेल्यांपैकी १४. त्या संशोधकांचा युक्तिवाद साधा होता: देशात औषधच अपुरे आहे, सर्वांना देता येणार नाही, मग चिठ्ठी टाकून देणे हेच सर्वांत न्याय्य. तो युक्तिवाद मला मान्य आहे. पण २०१९ साली भारतात तांदूळ अपुरा नव्हता. अन्न महामंडळाची गोदामे भरलेली होती. अपुरी होती ती खात्री, किंवा कदाचित इच्छा. जिथे वस्तूचा तुटवडा नाही तिथे चिठ्ठी टाकण्याची वेळ एखाद्या डॉक्टरवर का यावी?

संशोधनातील नीतीचा विचार करणारे एक महत्त्वाचे सूत्र मांडतात. दोनपैकी कोणता मार्ग चांगला याबद्दल जाणकारांमध्ये खरोखरच मतभेद असेल, तरच माणसांना दोन गटांत वाटावे. बेंजामिन फ्रीडमन या कॅनडातील विचारवंताने १९८७ मध्ये हे नेमकेपणाने मांडले. एका डॉक्टरला मनातून काय वाटते हे पुरेसे नाही, संपूर्ण वैद्यक समुदायाला काय ठाऊक आहे ते पाहायचे. ‘रेशन्स’ला हे सूत्र लावले तर उत्तर मिळते: घरच्यांना धान्य दिल्याने क्षयरोग नेमका किती टळेल हे तोपर्यंत अशा चाचणीतून कोणी दाखवले नव्हते. आणि तुलनेच्या गटाकडून काही काढूनही घेतले नव्हते. उलट त्यांच्या घरी वारंवार चौकशी होत होती, आजाराची चिन्हे दिसली की तपासणी आणि उपचार मिळत होते, जे एरवी मिळालेच असते असे नाही.

तरीही मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे एक हिशेब केल्याशिवाय राहवले नाही. तो कच्चा हिशेब आहे, संशोधकांचा नव्हे. तुलनेच्या गटालाही धान्य मिळाले असते आणि त्यांच्यातही तेवढ्याच प्रमाणात आजार झाला असता, तर १२२ ऐवजी साधारण ८१ माणसे आजारी पडली असती. फरक एक्केचाळीसचा. ही एक्केचाळीस माणसे कोणत्या खात्यात लिहायची?

मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होतो, आणि मग लक्षात आले की त्यांची नावे कोणालाही, कधीच सांगता येणार नाहीत. धान्य मिळूनही ९६ जण आजारी पडले होते. म्हणजे त्या १२२ जणांपैकी ८१ जण कदाचित धान्य मिळूनही आजारी पडले असते. एखाद्या रुग्णाच्या खाटेजवळ जाऊन ‘तू डाळीअभावी आजारी पडलास’ असे म्हणता येत नाही. एक्केचाळीस माणसे खरी आहेत, त्यांचा खोकला खरा आहे, पण त्यांना चेहरा नाही.

आपली करुणा चेहऱ्याला सरावलेली असते. समोर हात पसरला की मन द्रवते, डोळ्यांत पाणी आले की आपण पुढे होतो. ज्याचे नावच कळू शकत नाही अशा माणसाबद्दल आपल्याला काय वाटते? माझ्यापुरते प्रामाणिक उत्तर असे की फारसे काही वाटत नाही, वाटून घ्यावे लागते.

याची दुसरी बाजू मला अधिक विलक्षण वाटते. संशोधकांनी असेही मोजले की क्षयरोगाचा एक नवा रुग्ण टाळायचा असेल तर ३० घरांना, म्हणजे सुमारे १११ माणसांना, धान्य द्यावे लागते. एकशे अकरा माणसे जेवणार, त्यांतील एकाचा आजार टळणार. तो एक कोण हे त्यालाही कळणार नाही. आपण वाचलो हेच ठाऊक नसल्यामुळे तो आभार मानायला येणार नाही. देणाऱ्यालाही समजणार नाही. निष्काम सेवा या शब्दाचा उच्चार आपण सहज करतो, पण सेवेचे फळ मनातूनच सोडायचे असते असे मी समजत होतो. इथे फळ आहे, मोजलेही आहे, फक्त ते कोणत्या झाडाला लागले हे कोणालाच दिसत नाही. उरलेल्या एकशे दहा जणांची डाळ वाया गेली असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांनी ती खाल्ली.

मग त्या रागाचे काय? ही चाचणी व्हायला हवी होती असे मला आता वाटते, पण ते सहजपणे म्हणवत नाही. तुलनेच्या गटातील त्या माणसांनी आपल्याला ज्ञान दिले, आणि ते बहुतेकांच्या नकळत सर्व देशाचे झाले. असे ज्ञान हे कर्ज असते, आणि कर्जाला फेडीची तारीख असते. क्षयरोग्याला आहारासाठी सरकारकडून २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. कोणीही ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाच्या आहाराची जबाबदारी घेऊ शकतो, ही सोय सप्टेंबर २०२२ पासून आहे, आणि आता त्या अन्नसंचात रुग्णाच्या घरच्यांचाही विचार केला गेला आहे. फेड सुरू झाली आहे असे म्हणता येईल. आपल्यापैकी काहीजण ही सेवा आधीपासून करतही असतील. त्यांनी संच देताना घरात एकूण माणसे किती, हे विचारावे एवढी विनंती.

एक गोष्ट मात्र अजून माझ्या मनातून जात नाही. या सर्व योजनांत धान्य घरी येते ते घरातील कोणीतरी क्षयरोगी म्हणून नोंदले गेल्यावर. झारखंडच्या त्याच गावांत अशीही घरे आहेत जिथे ताट तितकेच रिकामे आहे, पण अजून कोणी खोकत नाही.