एन्रॉनचा करार आणि तुझा करार

रत्नागिरी

चि. भाचीस,


मुंबईची कंपनी तुझ्या कारखान्याचा सगळा आंबा पल्प पाच वर्षं बांधील दरानं घेणार, माल उचलला नाही तरी पैसे देणार, हे तुझ्या आईकडून कळलं. धंद्याचं पुढारपण करणारे कुठे चुकतात ते लिहून पाठवा, असं तू म्हणालीस. त्याची यादी करणं मला जमणार नाही. आपल्याच जिल्ह्यातलं एक प्रकरण सांगतो. तुला ‘एन्रॉन’ हे नाव बहुधा फक्त ऐकून माहीत असेल.

या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प गुहागर तालुक्यातला, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूचा. नाव मात्र दाभोळचं, आणि दाभोळ गाव खाडीपलीकडे दापोलीत! असो. डिसेंबर 1993 मध्ये महाराष्ट्राच्या वीज मंडळानं त्यांच्याशी 20 वर्षांचा वीजखरेदी करार केला. वीज घ्या अथवा घेऊ नका, उभ्या क्षमतेचे पैसे द्यायचे, तेही डॉलरशी बांधलेले. इंधन महाग झालं तर तो भार मंडळाचा, रुपया घसरला तर तोही मंडळाचा. वर सरकारची हमी. कंपनीच्या दृष्टीनं याहून चोख करार कोणता? जोखमीचा थेंब अंगावर पडू नये अशी सगळी सोय होती. माझ्या मते एन्रॉनची मोठी चूक हीच. गिऱ्हाईक एकच आणि सगळं ओझं त्याच्याच डोक्यावर, मग ते कोसळलं तर हमीचा कागद घेऊन जायचं कोणाकडे?

सांगणारं कोणी नव्हतं असं नाही. एवढी महाग वीज महाराष्ट्राला परवडणार नाही, असं म्हणून जागतिक बँकेनं 1993 मध्येच कर्ज नाकारलं होतं. ऑगस्ट 1995 मध्ये राज्यातल्या शिवसेना-भाजप युती सरकारनं करार रद्द केला. पुन्हा बोलणी झाली, दर थोडा उतरला, पण 1996 च्या नव्या करारात दुसरा टप्पाही पक्का होऊन प्रकल्प 2184 मेगावॉटचा झाला. ज्या गिऱ्हाइकाला पहिला घास गिळवत नव्हता त्याच्या ताटात आणखी वाढलं. सरकारची बाजूही यात धुतल्या तांदळासारखी नव्हती. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या गोडबोले समितीच्या 2001 च्या अहवालात त्याबद्दल पुष्कळ आहे.

गिऱ्हाइकावरचं हे ओझं कंपनीत वेळीच कोणाला खुपलं का नाही? एन्रॉनमध्ये परदेशी प्रकल्प जुळवणाऱ्यांचा बोनस कर्जाची तजवीज होऊन व्यवहार पक्का झाला की मिळे, आणि त्याचा हिशेब पुढच्या कमाईच्या अंदाजावर. वाटाघाटीत पुढे असलेल्या रेबेका मार्क 1998 मध्ये कंपनीच्या पाण्याच्या धंद्याकडे गेल्या. दाभोळची वीज सुरू झाली मे 1999 मध्ये. बिलं थकायला लागली तेव्हा निस्तरायला दुसरेच. तुझ्याकडे विक्रीवर मुलगा ठेवलायस ना? त्याचं कमिशन सहीवर आहे की पैसे जमा झाल्यावर, ते आधी बघ.

वीज ज्या इंधनावर होई तो नाफ्था महागला, रुपया घसरला, युनिटचा दर सात रुपयांपलीकडे गेला. मंडळानं पैसे थकवले आणि मे 2001 मध्ये वीज घेणंच थांबवलं. दुसरा टप्पा जवळजवळ बांधून झाला होता, तो तसाच पडला. डिसेंबर 2001 मध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली, ती इतर कारणांनी. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी मिळून नवी कंपनी काढून हा पसारा हाती घेतला. प्रकल्पासाठी जहाजातून गॅस उतरवायच्या धक्क्याला लाटा अडवणारा बांध अपुराच राहिलेला, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे.

गावकऱ्यांचं मात्र लोक फारसं बोलत नाहीत. प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांना समजावायला कंपनीपेक्षा पोलीसच जास्त पुढे दिसले. 1997 मध्ये वेलदूरला लाठ्या पडल्या, आणि 1999 मध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं त्यावर आख्खा अहवाल काढला. शेजारच्या वाडीशी वाकडं घेऊन 20 वर्षं कारखाना चालवायचा बेत कोण करतं?

तुझे बागायतदार म्हणजे तुझे वेलदूरकर. कॅनिंगच्या आंब्याचा दर मे महिन्यात आवक वाढली की पाडायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. तू हंगामाआधीच किमान दर कागदावर देऊन टाक.

आणि मुंबईकरांना विचार, हापूसचं पीक दणकून आलं, बाजारात पल्प स्वस्त झाला, तर तुझा बांधील दर त्यांना किती महिने झेपेल? उत्तर गुळमुळीत आलं तर दर थोडा उतरव, मुदत दोन वर्षांवर आण आणि निम्माच माल त्यांना दे. नव्या बॉयलरचं कर्ज या एका करारावर काढू नकोस. मसुदा पाठव, दंडाची कलमं मी वाचून काढतो. या शनिवारी तुझ्या आईबरोबर येत असशील तर कोकमं घेऊन ये, इथली संपलीत.

तुझा,
मामा