परक्याच्या नांवाचा लखोटा

टपाल हरवलें, फुटलें किंवा उघडलेलें हातीं आलें, म्हणजे मनुष्यास जें दुःख होतें तें त्या वस्तूच्या किंमतीपेक्षां पुष्कळदां मोठें असतें. पन्नास रुपयांचें पुस्तक भिजून आलें तर पन्नास रुपयांची हानि झाली एवढेंच म्हणून आपण स्वस्थ बसत नाहीं. माझ्या नांवानें निघालेली वस्तु ज्या हातांतून आली त्या हातानें ती जपली नाहीं, असा सल मनांत राहतो. खेडेगांवांतील मंडळ्यांत फिरतांना ही तक्रार वारंवार कानीं येते. कोणाचें पत्र आलेंच नाहीं. कोणाचें आलें, तों कडेला फाटलेलें. कोणीं शब्बाथ शाळेसाठीं पुस्तकें मागविलीं, तों त्या गठ्ठ्याचा पावसानें लगदा झालेला. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, दुसऱ्याचें टपाल आपल्या हातीं पडलें असतां आपण कसें वागावें, याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, पत्र म्हणजे पुष्कळ हातांवर टाकलेला विश्वास होय. मुंबईस पेटींत टाकलेलें पत्र आपल्या वाडीवर येईपर्यंत तें गोळा करणारा, त्याची वर्गवारी करणारा, थैली बांधणारा, थैली वाहणारा, शाखा-टपालघराचा पोस्टमास्तर व शेवटीं घरोघर जाणारा डाकसेवक, इतक्यांच्या हातून जातें. ग्रामीण डाकसेवक हा पूर्ण वेळचा नोकर नव्हे. त्यास दिवसाचें चार-पांच तासांचें काम नेमून दिलेलें असतें, आणि त्या वेळांत त्याला वाड्यावस्त्या फिरावयाच्या असतात. पावसाळ्यांत ओढ्यास पाणी आलें म्हणजे तो कधीं पलीकडचें टपाल किराणा दुकानांत ठेवितो, कधीं तिकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी हातीं देतो. याप्रमाणें ज्यांस सरकारनें नेमिलें नाहीं असे तुम्ही-आम्हीहि त्या मालिकेंत येतों.

या विश्वासाभोंवतीं कायद्याचें कुंपण आहे, पण तें सर्वत्र सारखें उंच नाहीं. १८९८ च्या टपाल कायद्यांत, टपालखात्याच्या नोकरानें पत्र चोरलें, दडविलें अथवा नष्ट केलें तर सात वर्षांपर्यंत, आणि कर्तव्याविरुद्ध उघडलें किंवा जाणूनबुजून अडकवून ठेविलें तर दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. त्याच कायद्यानें असेंहि म्हटलें होतें कीं, वस्तु हरवली, उशिरा आली किंवा बिघडली, तर खात्यानें स्पष्टपणें पत्करली असेल तेवढी जबाबदारी सोडून सरकार भरपाईस बांधलेलें नाहीं. २०२३ सालीं नवा कायदा झाला व तो १८ जून २०२४ पासून अमलांत आला. जबाबदारीची मर्यादा नव्या कायद्यांतहि आहे. परंतु अनधिकारानें पत्र उघडणाऱ्या नोकरास त्यांत वेगळी शिक्षा सांगितलेली नाहीं. चोरी व विश्वासघात यांस सामान्य फौजदारी कायदा आहेच. राज्याच्या सुरक्षिततेसारख्या कारणांसाठीं टपाल अडविण्याचा अधिकार कायदा सरकारास देतो, ती गोष्ट निराळी. परंतु दुकानांत पडलेलें शेजाऱ्याचें पत्र चहाच्या वाफेवर धरून उघडणाऱ्यास कोण पकडणार? तेथें कुंपण एकच, आणि तें सदसद्विवेकबुद्धीचें.

कोणी म्हणेल, "वाचलें म्हणून काय बिघडलें? आम्हीं कांहीं घेतलें तर नाहीं!" हा प्रश्न साधा दिसतो, म्हणूनच त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे.

एका मंडळींतील एका गृहस्थास पतपेढीकडून थकबाकीची नोटीस आली. ती एक दिवस दुकानांत पडून होती. कोणीं तरी ती उघडून वाचली व पुन्हा चिकटवून ठेविली. दुसऱ्या दिवशीं ती त्यास पोहोंचली; एक कागदहि कमी नव्हता. परंतु रविवार येण्यापूर्वींच, अमक्यानें कर्ज बुडविलें, ही वार्ता साऱ्या मंडळींत पसरली होती. उपासनेच्या वेळीं दानाची पिशवी फिरविण्याचें काम त्याच्याकडे असे. त्या रविवारीं ती मुकाट्यानें दुसऱ्याच्या हातीं देण्यांत आली. कोणीं त्यास एक शब्दहि विचारला नाहीं. पुढें दोन महिने तो उपासनेस आला नाहीं. खरी हकीकत अशी होती कीं, कर्ज त्याचें नव्हतेंच. तो आपल्या मेहुण्यास जामीन राहिला होता, आणि सोयाबीन विकलें कीं रक्कम भरून टाकावी असें त्यानें ठरविलेंहि होतें. पण हें सर्व नोटिशींत कोठून असणार?

आतां पाहा, त्या वाचणाऱ्यानें खरोखर कांहींच घेतलें नाहीं काय? आपली अडचण कोणास, केव्हां व किती सांगावी हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा असतो. तो मनुष्य कदाचित् त्याच आठवड्यांत पाळकाकडे येऊन मन मोकळें करणार होता; कदाचित् प्रथम आपल्या पत्नीस सांगणार होता. तो अधिकार त्याच्यापासून हिरावून घेतला गेला, आणि हिरावलेला पैसा परत देतां येतो तसा तो परत देतां येत नाहीं. दुसरें असें कीं, पत्र ज्याच्यासाठीं लिहिलेलें असतें त्यालाच तें पुरतें कळतें, कारण त्याच्या मागचें-पुढचें त्यास ठाऊक असतें. परका वाचतो तेव्हां अक्षर न् अक्षर खरें असूनहि त्याची समजूत खोटी होऊं शकते. अशा रीतीनें एकहि खोटा शब्द न बोलतां मनुष्य शेजाऱ्याविरुद्ध खोटा साक्षी होतो. म्हणून कांहीं न घेतां परक्याचें पत्र वाचणारा निर्दोष आहे असें म्हणतां येत नाहीं.

पवित्र शास्त्रांत याचें एक ठळक उदाहरण आहे. नहेम्या यरुशलेमचा कोट बांधीत असतां सनबल्लटानें त्यास पांचव्या वेळीं जें पत्र पाठविलें तें सेवकाच्या हातीं उघडेंच दिलें (नहेम्या ६:५). त्यांत यहूदी बंड करणार व नहेम्या राजा होणार अशी कंडी होती. पत्र उघडें ठेवण्यांत हेतु हाच दिसतो कीं, वाटेंत ज्याच्या हातीं तें पडेल त्यानें वाचावें, बोलावें, आणि काम करणाऱ्यांचे हात गळावे. उघड्या पत्राचें सामर्थ्य शत्रूस ठाऊक होतें. जें सनबल्लटानें द्वेषानें केलें, तें आपण केवळ जिज्ञासेनें करूं लागलों, तर परिणाम कांहीं निराळा होणार नाहीं.

येथें एक अवघड शंका येते, ती टाळून चालणार नाहीं. दावीदानें यवाबास पत्र लिहिलें व तें उरीयाच्याच हातीं पाठविलें. त्या पत्रांत उरीयाच्या मरणाची आज्ञा होती (२ शमुवेल ११). उरीयानें तें फोडून वाचलें असतें तर त्याचा जीव वांचला नसता काय? मग प्रामाणिकपणाचें फळ हेंच काय? असा प्रश्न मजला एका तरुण उपदेशकानें विचारिला होता, आणि तो विचारण्याजोगाच आहे. मला वाटतें, त्याचें उत्तर असें : त्या पत्रांतील पाप लिहिणाऱ्याचें होतें, वाहणाऱ्याचें नव्हे; आणि देवानेंहि नाथानास दावीदाकडेच पाठविलें. उरीयाचा विश्वासूपणा वांया गेला असें जगास दिसलें, पण दावीदाचा अपराध इतका काळा दिसतो तो त्या विश्वासूपणाच्या शुभ्रतेपुढेंच. शिवाय प्रत्येक वाहणारा जर 'न जाणो, यांत माझें अहित असेल' असें म्हणून लखोटा फोडूं लागला, तर विधवेनें मुलास, आजाऱ्यानें वैद्यास, पश्चात्ताप झालेल्यानें पाळकास पत्र लिहावें तरी कसें? ज्यास खरोखर संशय असेल त्यानें तें पत्र वाहण्याचें उघडपणें नाकारावें; पण वाहण्याचें पत्करून गुप्तपणें फोडूं नये.

आतां ज्याचें टपाल हरवलें किंवा बिघडलें त्याच्याकडे वळूं. त्याचें पहिलें कर्तव्य, पुराव्यावांचून कोणाचें नांव न घेणें हें आहे. बन्यामिनाच्या गोणींत रुप्याचा प्याला सांपडला, तरी तो चोर नव्हता. प्याला तेथें दुसऱ्यानें ठेविला होता. फाटलेला लखोटा डाकसेवकाच्या हातीं दिसला, म्हणून तो त्यानेंच फाडला असें होत नाहीं. तो गरीब मनुष्य बहुधा आपल्याच गांवचा असतो, आणि एकदां त्याच्यावर डाग आला म्हणजे तो पुसणें कठीण. परंतु यावरून मुकाट्यानें सोसावें असेंहि कोणीं समजूं नये. फिलिप्पै येथें अधिकाऱ्यांनीं पौलास अन्यायानें फटके मारून तुरुंगांत टाकिलें, व मग गुपचूप सोडून देऊं लागले, तेव्हां त्यानें, अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें, असा आग्रह धरिला. योग्य ठिकाणीं, योग्य शब्दांत न्याय मागणें हें क्षमाशीलतेच्या विरुद्ध नाहीं. तेव्हां पावती जपून ठेवावी, तीवरील क्रमांकावरून टपाल कोठें अडलें याचा तपास करावा, आणि तक्रार लेखी करावी. ओट्यावर बसून करूं नये.

आपल्याकडूनहि निष्काळजीपणा होतो, हें विसरतां कामा नये. पिंपळगांव, वडगांव या नांवांचीं गांवें महाराष्ट्रांत किती तरी आहेत. अशाच घोटाळ्यांवर उपाय म्हणून टपालखात्यांतील अधिकारी व संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनें १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आंकडी पिनकोड सुरू झाला. त्यांतील पहिले तीन आंकडे वर्गवारीचा जिल्हा दाखवितात व शेवटचे तीन टपालघर. हे सहा आंकडे लिहिण्याचा कंटाळा करून मग टपालास दोष देणें न्यायाचें नाहीं. पुस्तकें पाठवावयाचीं तर आंत मेणकापड किंवा प्लास्टिक गुंडाळावें, आणि बाहेरचा पत्ता पुसला गेला तरी कळावें म्हणून आंतहि पत्त्याची चिठ्ठी ठेवावी. महत्त्वाचे कागद नोंद होऊन जातील असेच पाठवावे. रजिस्टर टपाल २०२५ सालीं स्पीड पोस्टांत मिळविलें गेलें आहे, तेव्हां त्याची चौकशी टपालघरांत करावी. मंडळीच्या नांवानें आलेलें पार्सल दोघांच्या देखत उघडावें. करिंथकरांकडील दान यरुशलेमेस नेतांना पौलानें तीताबरोबर मंडळ्यांनीं निवडलेला बंधु घेतला, तो याच हेतूनें कीं कोणास बोट दाखविण्यास जागा राहूं नये (२ करिंथ ८).

इतकें करूनहि कांहीं टपाल हरवेलच. त्या वेळीं हें स्मरावें कीं, पौलाचींहि सर्व पत्रें आपल्यापर्यंत आलेलीं नाहींत. करिंथकरांस त्यानें पहिल्या पत्राच्या आधींहि एक लिहिलें होतें असें तोच सांगतो (१ करिंथ ५:९). तें आज आपल्या शास्त्रांत नाहीं. लावदिकीयाहून येणारें पत्र कलस्सैकरांनीं वाचावें असें त्यानें लिहिलें, पण त्या नांवाचें पत्रहि आपल्या शास्त्रांत नाहीं. तरी प्रभूचें काम थांबलें नाहीं. जें आपणांस हवें होतें तें हरवेल; जें आपणांस तारणासाठीं अवश्य आहे तें त्यानें हरवूं दिलें नाहीं.

शेवटीं उपदेशक बंधूंस दोन शब्द. ज्यांस वाचतां येत नाहीं अशीं माणसें अजूनहि आपलीं पत्रें तुमच्याकडे आणतात. तीं एकांतांत वाचावीं. जें लिहिलें तें सर्व वाचावें, कटु असलें तरी गाळूं नये आणि आपल्या पदरचें घालूं नये. उत्तर लिहितांना तिचे शब्द तिचेच राहूं द्यावे. आणि ती म्हातारी उंबरा ओलांडून गेली कीं, तें पत्र तुमच्या ओठांवरूनहि जावें. आतां पुष्कळ घरांत पत्राची जागा मोबाइलनें घेतली आहे. पण नियम बदललेला नाहीं. कोणीं निरोप वाचून दाखविण्यासाठीं फोन हातीं दिला, तर तोच निरोप वाचावा, वरचे-खालचे चाळूं नयेत. कोणीं आपल्या घरच्या दुखण्याविषयीं प्रार्थनेची विनंती केली, तर ती प्रार्थनेंत देवापुढें न्यावी, त्याच्या परवानगीवांचून दहा जणांस पाठवूं नये. ज्यास लहान गोष्ट सोंपविली तो तींत विश्वासू ठरला, तरच मोठी त्याच्या हातीं दिली जाते, असें प्रभूनें शिकविलें आहे. आणि तुमच्या हातीं तर आत्म्यांची काळजी सोंपविलेली आहे.

तेव्हां प्रिय वाचकहो, पुढल्या वेळीं दुकानाच्या फळीवर परक्याच्या नांवाचा लखोटा दिसला, तर तो उचलून, जसा आहे तसा, ज्याचा त्यास नेऊन द्यावा. आणि ज्या गृहस्थाची गोष्ट वर सांगितली तसा कोणी आपल्या मंडळींतून दूर राहिला असेल, तर त्याच्याविषयीं बोलणें सोडून त्याच्या घरीं जावें. अंतःकरणें पाहणारा प्रभु आपणां सर्वांस एकमेकांच्या गोष्टी जपण्याची बुद्धि व बळ देवो.