वहीतला खाडा

बीडच्या धारूर तालुक्यातल्या एका मुकादमाचे गुडघे थकले, तशी त्यानं टोळी लेकाच्या हाती दिली. लेक पुण्यात मॅनेजमेंट शिकलेला. दसरा झाला आणि उचल घेतलेले वीस कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या वीस जोड्या, सांगलीकडच्या फडात उतरले. लेकानं ट्रॉलीवर ठळक रंगवून घेतलं, ‘टोळी हेच कुटुंब’. सगळ्यांना एकसारख्या टोप्या वाटल्या. कामाची वाटणी आणि खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीचा, दंड मात्र वहीत मांडला.

पंधरवड्यात एका बाईच्या पोटात कळा आल्या. ती कोपीतच, म्हणजे झोपडीतच, पडून राहिली. लेकानं वहीत खाडा लिहिला, पाचशे रुपये. नवरा गप्प बसला. या खाड्याच्या धाकानंही बीडच्या कितीतरी ऊसतोड बायकांनी ऐन तिशीत गर्भपिशव्या काढून टाकल्या होत्या. २०१९ मध्ये सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. दुसऱ्या दिवशी ती बाई पोट धरून मोळ्या बांधायला आली.

पुढच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि भरलेली ट्रॉली रात्री चिखलात रुतली. लेकानं कोप्यांसमोर हाका मारल्या. आतून एकजण म्हणाला, “मुकादम, टायर काढायचं काम वहीत कुठंय?”

लेकानं तणतणत बापाला फोन लावला. “आबा, तुमच्या वेळी हीच माणसं न बोलावता धावायची. मी काय कमी केलं यांना?”

“लेका, ट्रॉलीवरचं तू रंगानं लिहिलंस. वहीतलं त्या बाईच्या पोटावर लिहिलंस. माणसं कुठलं खरं धरतील?”

“मग खाडा सोडायचा? कारखान्याला ऊस कमी गेला तर तोटा आपलाच.”

“तोटा व्हतोच. तो कुणाच्या अंगावर टाकतोस, तेवढंच टोळी बघती.”

सकाळी लेकानं सगळ्यांदेखत तो खाडा खोडला आणि त्या बाईला दवाखान्यात पाठवलं. तिच्या नवऱ्याच्या जोडीला स्वतः कोयता घेऊन उतरला. दुपारपर्यंत हाताला फोड आले, ऊसही जेमतेमच तुटला. महिन्यानं दुसऱ्या एकाला ताप भरला, तेव्हा लेक कारखान्यावर गेला होता. परत येऊन बघतो तर आजाऱ्याची पात शेजारच्या दोन जोड्यांनी वाटून घेतलेली. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

बोध : कंपनी असो की ऊसतोडीची टोळी, तिथली संस्कृती घोषवाक्यावरून कळत नाही. अडचणीच्या दिवशी वरचा माणूस नुकसान कुणाच्या माथी मारतो, यावरून खालची माणसं वागायला शिकतात.